रेणूंची स्वयंरचना आणि 'नियंत्रण' ही संज्ञा : २००४ मधील दोन शोधनिबंधांची समीक्षा

प्रास्ताविक :
धातूच्या नॅनोकणाचे गुणधर्म केवळ धातूवर अवलंबून नसतात. त्याच्या पृष्ठभागावर कोणते रेणू कोणत्या क्रमाने बसले आहेत, यावरही कणाची विद्राव्यता व स्थैर्य ठरते. १९९४ मध्ये ब्रुस्ट व सहकाऱ्यांनी थायॉल रेणूंच्या आवरणातील स्थिर सुवर्णकण तयार करण्याची पद्धत दिली. पुढचा प्रश्न होता तो या आवरणातील मांडणीचा. त्या दृष्टीने 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात २००४ या एकाच वर्षी प्रसिद्ध झालेले दोन शोधनिबंध एकत्र वाचणे उद्बोधक ठरते.

विवेचन :
पहिला निबंध पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री यांच्या गटाचा आहे. प्रभादेवी-दादरच्या भाजीवाल्यांकडे जुडीने मिळणाऱ्या गवती चहाच्या अर्काने सुवर्णक्षाराचे क्षपण होऊन चपटे त्रिकोणी कण तयार होतात, हे त्यात दाखविले गेले. द्रवासारखे वागणारे गोल कण एकत्र येऊन त्रिकोण घडतात, असे स्पष्टीकरण देण्यात आले. २००५ मध्ये याच गटाने अर्काचे प्रमाण बदलून त्रिकोणांचे प्रकाशशोषण बदलून दाखविले. हे नियंत्रण निःसंशय खरे आहे. मात्र ते कणांच्या आकारमानाचे आहे, पृष्ठभागावरील रेणूंच्या मांडणीचे नव्हे. अर्क हे अनेक संयुगांचे मिश्रण असल्याने तेथे कोणता रेणू कोठे बसला, हे त्यातून कळत नाही.

दुसरा निबंध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील फ्रान्चेस्को स्टेलाची यांच्या गटाचा. दोन भिन्न थायॉल सुवर्णकणावर आपोआप पट्ट्यांच्या रूपात विभागले जातात, असा त्यांचा दावा होता. येथे रेणू ज्ञात होते, परंतु मांडणीचा मुख्य आधार स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांचा होता. २०१२ मध्ये राफाएल लेव्ही व सहकाऱ्यांनी 'स्मॉल' या नियतकालिकात या पट्ट्या उपकरणजन्य आभास असल्याचा आक्षेप घेतला. स्टेलाची यांच्या गटाने तो अमान्य केला व वाद पुढेही चालू राहिला.

समारोप :
पुण्याच्या निबंधात परिणाम स्पष्ट असून रेणू अनिश्चित आहेत. दुसऱ्यात रेणू निश्चित असून मांडणी वादग्रस्त आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत वनस्पतींच्या अर्कापासून नॅनोकण करविणाऱ्या अध्यापकाला यातून एक दंडक मिळतो. द्रावणाचा रंग पालटणे हा कण तयार झाल्याचा पुरावा आहे; रेणूंच्या स्वयंरचनेचा नाही. रेणूंची ओळख व त्यांची मांडणी या दोन्ही गोष्टी एकाहून अधिक स्वतंत्र पद्धतींनी सिद्ध होईपर्यंत 'नियंत्रण' ही संज्ञा प्रबंधात जपूनच वापरली पाहिजे.