मायबोलीचे मोडके रूप : ‘ब्रिक लेन’मधील आपलेपणाचा प्रश्न

स्थलांतरित मुस्लिम कुटुंबांचे चित्रण करणाऱ्या अलीकडील इंग्रजी कादंबऱ्यांची चर्चा बहुधा धर्म, पोशाख, विवाह आणि दोन पिढ्यांमधील संघर्ष ह्या अंगांनी केली जाते. पात्रे स्वतःविषयी काय म्हणतात हे पाहिले जाते; ती कोणत्या भाषेत बोलतात आणि ती भाषा इंग्रजी गद्यात कोणते रूप घेते, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक कोण कोठला हे पुष्कळदा ह्या रूपावरूनच वाचकाच्या मनात ठरत असते. मोनिका अली ह्यांच्या ‘ब्रिक लेन’ (२००३) ह्या कादंबरीच्या आधारे ह्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

मैमनसिंह जिल्ह्यातील एका खेड्यातून नझनीन १९८५ साली लग्न होऊन लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात येते. तिला इंग्रजी येत नाही, आणि ते शिकण्याची गरज तिचा पती चानू ह्याला वाटत नाही. पुढे करीम हा इंग्लंडमध्येच वाढलेला तरुण तिच्या आयुष्यात येतो. बंगाली बोलताना तो अडखळतो, इंग्रजी बोलताना मात्र अडखळत नाही. ह्या तरुणाला जगात आपली जागा सापडली आहे, असे नझनीनला प्रथम वाटते. ती जागा त्यालाही लाभलेली नाही, हे तिला फार उशिरा उमगते. उपरेपणाचे विवेचन न करता ते जिभेवर दाखविण्याची लेखिकेची ही किमया खरोखर दाद देण्याजोगी आहे.

तथापि नझनीनची धाकटी बहीण हसिना हिच्या पत्रांपाशी आपणास थांबावे लागते. हसिना बांगलादेश सोडून कोठेही गेलेली नाही. ढाक्याहून ती आपल्या सख्ख्या बहिणीस लिहिते, तेव्हा ती पत्रे बंगालीतच असणार. परंतु वाचकापुढे ती येतात मोडक्यातोडक्या इंग्रजीत. नझनीनचे मनोव्यापार मात्र निर्दोष इंग्रजीत व्यक्त होतात. हसिनाचे शिक्षण बेताचे, म्हणून तिची भाषा तशी, असे समर्थन करता येईल. ते भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. अल्पशिक्षित व्यक्ती मातृभाषेत लिहिताना शुद्धलेखनात चुकेल, विरामचिन्हे गाळील. वाक्याची घडण मात्र ती लहानपणीच आत्मसात करून बसलेली असते. इंग्रजी उपपदे गाळण्याची चूक बंगालीत संभवतच नाही, कारण तशी स्वतंत्र उपपदे त्या भाषेत नाहीत. बंगाली क्रियापदाला वचनाचा विकारही होत नाही. म्हणजे हसिनाच्या पदरी घातलेले हे दोष परकी भाषा शिकणाऱ्याचे आहेत. एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणींपैकी जी परदेशी गेली तिला सुघड भाषा लाभते, आणि जी स्वदेशी राहिली ती स्वतःच्या भाषेतच परकी ठरते.

सर्व बंगाली एकाच इंग्रजीत ओतल्यामुळे आणखी एक भेद दिसेनासा होतो. पूर्व लंडनमधील बहुसंख्य बांगलादेशी कुटुंबे सिल्हेटची असून सिल्हेटी ही त्यांची घरची बोली आहे. सुशिक्षित चानू सिल्हेटी लोकांकडे तुच्छतेने पाहतो. २००३ साली त्या समाजातील काहींनी कादंबरीचा निषेध केला, त्याचे मूळ ह्याच तुच्छतेत होते. पात्राचे मत ते लेखिकेचे मत नव्हे, हे खरेच. परंतु बोलीभेद कानावर न आल्यामुळे हा प्रमाणभाषेचा अहंकार आहे, हे इंग्रजी वाचकास कळावयास मार्ग उरत नाही.

नदीम अस्लम ह्यांच्या ‘मॅप्स फॉर लॉस्ट लव्हर्स’ (२००४) मध्ये वेगळी वाट दिसते. इंग्लंडमधील एका पाकिस्तानी वस्तीतील कौकबला इंग्रजी नीट बोलता येत नाही. परंतु तिचे मन ज्या गद्यातून उलगडते ते अत्यंत संपन्न आहे. तिचे दुबळेपण परक्या भाषेपुरते राहते, तिच्या मनावर लादले जात नाही. तिची कर्मठ मते न पटणाऱ्या वाचकासही तिची उंची नाकारता येत नाही.

हसिनाची पत्रे पुन्हा बंगालीत आणावयाची ठरविली, तर अनुवादकाने त्या चुकांचे काय करावे? त्यांना बंगालीत जागाच नाही. त्या बंगालीच्या नाहीत, इंग्रजी वाचकाच्या कल्पनेतील बंगालीच्या आहेत. स्थलांतरितांच्या अस्मितेचा अभ्यास करणाऱ्याने पात्रांच्या उद्गारांआधी त्यांच्या वाक्यरचनेकडे पाहावे, ते एवढ्याचसाठी.