नाही म्हणण्याची किंमत

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या बैठकीत एक भांडण ठरलेलं असतं. टेबलाभोवती चारपाच जण, प्रत्येकाचं एकेक पात्र, आणि बाकीचं सगळं जग सांभाळणारा एक सूत्रधार. राक्षस समोर आला की सगळे एक होतात. खजिना सापडला की एकाचं पात्र दुसऱ्याच्या पात्राला म्हणतं, ‘ती तलवार मला दे.’ दुसरा म्हणतो, ‘नाही देत.’ आता? फाशांच्या जोरावर द्यायला लावली, तर बिचाऱ्याचं पात्रच त्याच्या हातून गेलं. फासे बाजूला ठेवले, तर ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘डिप्लोमसी’ हे मन वळवण्याचं कौशल्य होतं, पण ते चालायचं सूत्रधाराच्या पात्रांवर. सोबतच्या खेळाडूपुढे ते गप्प. मग पुष्कळ टेबलांवर साधा तोडगा निघाला, आपापसात भांडायचं नाही. भाऊबंदकी नको म्हणून घरात बोलायलाच बंदी घालावी, तसला हा प्रकार.

व्हिन्सेंट बेकर यांनी २०१० साली ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मधून ही बंदी उठवली. (२०१६च्या दुसऱ्या आवृत्तीवर मेग्वे बेकर यांचंही नाव आहे, मी बोलतो आहे ते पहिल्या आवृत्तीबद्दल.) जग मोडून पडलंय, अन्नपाण्याची टंचाई आहे, जो तो आपली टोळी राखून आहे. इथे पात्रं एकमेकांच्या उरावर बसणारच. त्यांना बसू द्यायचं आणि तरी खेळाडूंची मैत्री शाबूत ठेवायची, हे काम ज्या नियमानं साधलं तो जेमतेम चार ओळींचा आहे.

या खेळात ठरावीक कृतींना ‘मूव्ह’ म्हणतात. दोन फासे टाकायचे, त्यात पात्राचा संबंधित गुण मिळवायचा. दहा किंवा वर आले तर पुरतं यश, सात ते नऊ म्हणजे अर्धंमुर्धं, सहा किंवा खाली म्हणजे सूत्रधाराच्या हाती कोलीत. कुणाला भुरळ घालायची किंवा एखादी गोष्ट गळी उतरवायची, तर मूव्ह आहे ‘सिड्यूस ऑर मॅनिप्युलेट’. समोर दुसऱ्या खेळाडूचं पात्र असेल तर या मूव्हचा सूर बदलतो. त्यानं ऐकलं तर त्याला अनुभवाची एक खूण मिळते. नाही ऐकलं तर त्याचा नकार ‘ॲक्ट अंडर फायर’, म्हणजे दडपणाखाली केलेली कृती ठरतो आणि त्यासाठी त्याला फासे टाकावे लागतात. दहा किंवा वर आले तर दोन्ही लागू. सात ते नऊला मागणाऱ्यानं दोहोंपैकी एकच निवडायचं. यापुढे समोरचा काय करतो, ती त्याची मर्जी.

ती शेवटची अट वाचताना सहज निसटते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. साम-दाम-दंड-भेदातले दाम आणि दंड एवढेच फाशांच्या ताब्यात दिले आहेत, निर्णय नाही. त्याहून बारीक कारागिरी वाटणीत आहे. दाम मिळतो खेळाडूला, दंड बसतो पात्राला. अनुभवाच्या पाच खुणा झाल्या की पात्र सुधारतं, म्हणून पात्र अपमान गिळून मान खाली घालतं तेव्हा ते चालवणारा माणूस मजेत पेन्सिलीनं खूण करत असतो. दोघांचं हित क्षणभर वेगळं झालं की रागाला बसायला जागाच उरत नाही. शिवाय ही खूण मागणाऱ्याच्या खिशातून जात नाही, खेळच ती देतो. काय हिशेब आहे!

एक प्रसंग धरा. वस्तीची मालकीण ‘हार्डहोल्डर’ आणि वस्तीचा वैद्य, म्हणजे ‘एंजल’, दोन्ही खेळाडूंची पात्रं. वैद्याच्या खाटेवर शत्रूच्या टोळीतला जखमी पोरगा. मालकीण दारात येऊन म्हणते, ‘तो माझ्या ताब्यात दे.’ फासे पडतात, बेरीज आठ. आता तिनं निवडायचं. दाम निवडला, तर वैद्याला मोह पडतो, पण नकार फुकट असतो. दंड निवडला, तर ऐकून काही मिळणार नाही आणि ‘नाही’ म्हणायला फासे टाकावे लागतील. त्यात सात ते नऊ आले तर वैद्य कचरतो आणि सूत्रधार त्याला पेचात धरतो: पोरगा वाचतोय, पण तेवढ्यात तिची माणसं औषधांच्या पेटीपाशी पोचलीत, काय करतोस? पोराचं काय होईल ते होवो. वैद्य तिला सोबती वाटतो की नोकर, हे तिच्या निवडीनं सगळ्या टेबलासमोर उघडं पाडलं. एका तांत्रिक निवडीतून एवढं स्वभावचित्र काढणारा दुसरा नियम पटकन आठवत नाही.

आणि ही निवड वरचेवर करावी लागते, हेही योगायोगानं नाही. गुण अधिक एक असेल, तर फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १६ सात ते नऊमध्ये पडतात, १० त्याच्या वर आणि १० खाली. पुरतं यश कमी वेळा येतं; घासाघीस करावी लागणारा मधला निकाल जास्त वेळा. नाट्य कुठे आहे ते बेकरना ठाऊक होतं.

आता माझी सर्वांत लाडकी जागा. प्रत्येक खेळाडूच्या कागदावर इतर पात्रांपुढे एकेक आकडा असतो, ‘एचएक्स’, म्हणजे हिस्टरी: मी तुला किती ओळखतो. तो एकतर्फी आहे. माझा तुझ्यापुढचा आकडा आणि तुझा माझ्यापुढचा वेगळे. तुम्ही दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला जखमी केलंत, तर जखमेच्या दर घरामागे त्याचा तुमच्यापुढचा आकडा एकानं वाढतो. मारणाऱ्याचा नव्हे, मार खाणाऱ्याचा! ज्यानं घाव सोसला त्याला घालणारा कळला. हा आकडा अधिक चारवर पोचला की परत अधिक एकवर येतो आणि अनुभवाची खूण मिळते. म्हणजे मित्राच्या पात्राची गोळी लागली तरी हाती काहीतरी पडतंच. मानसशास्त्राची इतकी टोकदार जाण पेन्सिलीनं भरायच्या एका चौकोनात बसवली आहे.

त्याच आकड्यावर मदत करणं आणि खोडा घालणं चालतं. मदतीनं समोरच्याला अधिक एक, खोड्यानं उणे दोन. घरभेद्याची ताकद मदतनिसाच्या दुप्पट, आणि तीही ओळखीवर अवलंबून. काल तुम्ही ज्याला जखमी केलंत, तो आज तुमचा डाव जास्त सफाईनं उधळू शकतो. इथे दोन नियम नकळत एकमेकांना टाळी देतात.

सूत्रधारासाठी सल्ला आहे त्रिकोण रचण्याचा: आपलं प्रत्येक पात्र दोन खेळाडूंच्या मध्ये असं उभं करा, की एकाला ते हवं असेल आणि दुसऱ्याला अडचणीचं. खलनायक आयात करावा लागत नाही.

उणीव काढायचीच तर एक आहे. हे नियम पात्रांचं भांडण सांभाळतात, माणसांचं नाही. कुणी आठवडाभराचा राग टेबलावर घेऊन आला, तर चार ओळी त्याला आवरणार नाहीत. ते आधी बसून बोलायलाच हवं. एव्हरी ऑल्डर यांच्या ‘मॉन्स्टरहार्ट्स’नं (२०१२) बेकरांची आमिषाची युक्ती पौगंडातल्या प्रेम-मत्सराकडे वळवली. तिथे ‘स्ट्रिंग’, म्हणजे दुसऱ्यावर मिळवलेली पकड, खर्चून त्याला अनुभवाचं आमिष दाखवता येतं. तो खेळ जास्त हळवा आहे, पण घडण मला बेकरांचीच अधिक रेखीव वाटते.

तुमच्या टेबलावर ‘आपापसात भांडायचं नाही’ हा नियम असेल, तर एका बैठकीपुरता तो बाजूला ठेवा आणि त्याजागी हा मूव्ह वापरून बघा. सात ते नऊ आले की फासे टाकणाऱ्याला घाई करू नका. दाम की दंड, ते त्याला सगळ्यांदेखत ठरवू द्या.