कोणत्या सालचे विमान?

१५ ऑक्टोबर १९८२. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. बाबा मला घाटकोपरहून जुहूच्या विमानतळावर घेऊन गेले होते. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली याच तारखेला कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणले होते. पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते हाच प्रवास जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा करत होते. आम्ही कुंपणाबाहेरच्या गर्दीत उभे होतो. विमान दिसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना बाबा म्हणाले, "विमान सगळ्यांनी बघितलं. त्याचं इंजिन कोणी उघडलं होतं, ते उद्याच्या पेपरात येतं का बघ." दुसऱ्या दिवशी मी आमच्या घरी येणारा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला. ते आले नव्हते.

बाबा हवाई दलात इंजिन फिटर होते. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी पुण्याला लोहगावच्या तळावर लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बरवर काढली. मुदत संपल्यावर ते मुंबईला आले आणि सांताक्रूझच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. मी काही विमानशास्त्राचा पदवीधर नाही. जे शिकलो ते त्यांच्याकडून, मासिकांतून आणि फोर्टातल्या जुन्या पुस्तकांच्या पथाऱ्यांवरून. तरीही बाबांचा तो प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षे जुन्या लष्करी विमानांच्या जीर्णोद्धाराकडे पाहतो आहे. त्यावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा कौतुकाचे असते. मला वाटते, जीर्णोद्धार हेही एक प्रकारचे लेखन आहे. विमानाच्या तीस-चाळीस वर्षांच्या आयुष्यातला एक दिवस निवडायचा, त्या दिवसाचा रंग त्याच्यावर चढवायचा आणि बाकीचे दिवस खरवडून काढायचे. पुस्तकाला विचारतो तेच प्रश्न मग त्यालाही विचारायला हवेत. काय ठेवले? काय गाळले? गाळलेले कोणाचे होते?

पहिले उदाहरण लिबरेटरचेच घेतो. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ही अमेरिकी बनावटीची विमाने कानपूरच्या चकेरी तळावर सोडून दिलेली होती. पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केलेली होती. १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून एकेक विमान उडण्याजोगे केले आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला नेली. तिथे पुरी दुरुस्ती होऊन अशी चाळीसच्या आसपास विमाने उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ पासून ती हवाई दलात रुजू झाली आणि १९६८ च्या अखेरीपर्यंत उडत राहिली. तोवर इतर देशांनी ती कधीच मोडीत काढली होती. म्हणून जगभरच्या संग्रहालयांनी आपल्याकडे हात पसरले. एक विमान कॅनडाला गेले, एक अमेरिकेत ॲरिझोनाला, एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात राहिले.

यातले एक विमान १९८० च्या दशकात आधी इंग्लंडला आणि तिथून अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. या संस्थेने सुमारे ९७ हजार तासांचे काम करून १९८९ मध्ये ते पुन्हा उडवले. काम अव्वल दर्जाचे आहे, यात शंका नाही. पण रंग पाहा. हे विमान युद्धात ब्रिटिश हवाई दलाकडे होते आणि नंतर वीस वर्षे भारतीय हवाई दलाकडे. त्याच्यावर रंग मात्र चढला अमेरिकी हवाई दलाचा. २००५ पासून ते 'विचक्राफ्ट' या दुसऱ्याच एका गाजलेल्या विमानाच्या वेशात आहे. ज्या दुरुस्तीमुळे ते भंगारात वितळण्यापासून वाचले, ती दुरुस्ती त्याच्या अंगावर कुठेच दिसत नाही. अमेरिकी माजी सैनिकांना त्यात आपले तरुणपण दिसते आणि ते साहजिक आहे. माझी तक्रार एवढीच, की वाचवणाऱ्याचे नाव वाचलेल्या वस्तूवरून पुसले गेले.

आता आपल्या घरचे उदाहरण. मे २०१८ मध्ये हिंडन तळावर 'परशुराम' नावाचे डाकोटा विमान हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांच्या ताफ्यात दाखल झाले. राजीव चंद्रशेखर यांनी डाकोटाचे वैमानिक असलेल्या आपल्या वडिलांच्या, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या सन्मानार्थ ते दिले. दुरुस्ती इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला झाली आणि तिथून ते टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला आले. त्याच्यावरचा क्रमांक आहे व्हीपी ९०५. हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ च्या श्रीनगर मोहिमेशी नाते सांगतो. त्या दिवशी डाकोटांनी पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले होते. पण हे विमान स्वतः तेव्हा तिथे नव्हते. त्याचे आयुष्य ब्रिटनमध्ये गेले, आधी तिथल्या हवाई दलात आणि मग नागरी कंपन्यांकडे.

म्हणजे जे अमेरिकेत झाले तेच इथे झाले. मूर्ती एकीकडची, नाव दुसरीकडचे. जुन्या देवळांना ऑइलपेंट फासून 'जीर्णोद्धार' म्हणणाऱ्या आपल्या समाजाला यात काही खटकत नाही. मला खटकते ते नाव देणे नव्हे. स्मारकाला प्रतिनिधी चालतो. खटकते ते पुढचे. डाकोटा आणि लिबरेटर या दोन्हींना एकाच घराण्याचे इंजिन आहे, प्रॅट अँड व्हिटनीचे ट्विन वास्प. चौदा सिलिंडर, सातांच्या दोन रांगा गोलाकार मांडलेल्या. विमान उभे राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचते. तसेच स्टार्टर मारला तर आतला दांडा वाकू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी माणसांनी पंखा हाताने फिरवून तेलाचा अंदाज घ्यायचा. पंखा अडला तर जोर लावायचा नाही, खालचे प्लग काढून तेल निथळू द्यायचे. बाबा हे सांगताना हात गोल फिरवून दाखवत. ज्या देशाने मोडतोड केलेल्या विमानांचा ताफा १९४८ मध्ये स्वतःच्या हाताने उभा केला, त्याला सत्तर वर्षांनी एका डाकोटासाठी कॉव्हेंट्री गाठावी लागली. २०१२ पासून हिंडनला उडणाऱ्या टायगर मॉथची दुरुस्तीही ब्रिटनमध्येच झाली. 'परशुराम'वरच्या कौतुकाच्या लेखांना हा प्रश्न का पडला नाही? विमान आपल्याला परत मिळाले. ते जिवंत ठेवणारी हातांची साखळी मधेच तुटली, तिची बातमी झाली नाही.

न उडणाऱ्या विमानांची गत आणखी वेगळी. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत हे लढाऊ विमान उभे आहे. उपनगरातल्या शाळांच्या किती सहली त्याच्यासमोरून गेल्या असतील! कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली ते बंगळूरला घडले, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाले, आणि एकंदर १४७ बनली. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर आहे. ही विमाने एअर इंडियाची, म्हणजे सांताक्रूझची. तिथून ती हवाई दलात गेली, पुण्यात लिबरेटरची जागा घेतली, आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आली. समुद्राची खारी हवा ॲल्युमिनियमला आतून खाते आणि वरून दिलेला रंग ते झाकतो. अशा ठिकाणच्या पाट्या साधारण एकाच साच्याच्या असतात. लांबी, पंखांचा विस्तार, वेग, शस्त्रे. विमानाने काय केले ते त्यावर असते. विमानाचे काय काय केले गेले ते नसते.

मग सगळीच उडवावीत का? माझे उत्तर नाही असे आहे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच कॉलिंग्ज फाउंडेशनचे बी-१७ बॉम्बर कनेक्टिकटमध्ये कोसळले आणि सात माणसे गेली. चौकशीत देखभालीतल्या उणिवा पुढे आल्या. प्रवासी घेऊन उडण्याची संस्थेची परवानगी २०२० मध्ये रद्द झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये डलासच्या प्रदर्शनात दोन जुनी लष्करी विमाने हवेत धडकून सहा जण दगावले. उडणारे विमान हे सर्वांत खरे स्मारक, असे उत्साही मंडळी म्हणतात. ते खरे तेव्हाच, जेव्हा काल रात्री इंजिन कोणी उघडले, काय बदलले आणि कोणी सही केली याची नोंद रंगाइतकीच जपलेली असते. बाबांचा प्रश्न मला लहानपणी रुसव्यासारखा वाटला होता. तो खरे तर सुरक्षिततेचा प्रश्न होता.

आता माझ्याच चुकीबद्दल. बाबा नोंदी ठेवत. वर्कशॉपची लॉगबुके सरकारी, पण घरी त्यांच्या स्वतःच्या वह्या असत. कुठला बिघाड, कशाने झाला, कसा काढला. पुण्याच्या वर्षांच्या वह्या वेगळ्या बांधलेल्या होत्या. ते गेल्यानंतर आमची चाळ पुनर्विकासाला गेली. दिवाळीच्या तोंडावर माळा रिकामा करताना मी ते गठ्ठे वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत घातले. किलोचा भाव मिळाला. एकच वही उरली, सांताक्रूझची, कारण तिच्या मागच्या पानांवर माझी सातवीची गणिते होती. विमानाची वीस वर्षे रंगाखाली गाडली म्हणून मी परदेशी संस्थेला नावे ठेवतो. पण त्या वर्षांचे माझ्या घरात होते तेवढे कागद मीच विकले. वैमानिकाच्या मुलाने विमान शोधून आणले. फिटरच्या मुलाला वही ओळखता आली नाही.

म्हणून या लेखाचा शेवट एका विनंतीने करतो. अंधेरी, विलेपार्ले, कुर्ला, मुलुंड या पट्ट्यात हवाई दलातून आणि सांताक्रूझच्या वर्कशॉपांतून निवृत्त झालेल्यांची घरे पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेक इमारती आता पाडायच्या रांगेत आहेत. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा साफसफाई बहुधा उरकली असेल. उरकली नसेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी माळ्यावरचा गठ्ठा एकदा सोडून पाहा. आत बिघाडांच्या याद्या असतील, तेलाचे डाग असतील, अक्षर लागणार नाही. तरी ठेवा.