मिश्रणांच्या पृथक्करणाची प्रचलित मांडणी : दुधनी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

रसायनशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात ‘मिश्रणांचे पृथक्करण’ हा घटक सर्वांत सोपा मानला जातो. गाळणे, निवळणे, बाष्पीभवन, संप्लवन, ऊर्ध्वपातन अशी पद्धतींची नावे, प्रत्येकीपुढे एक ठरावीक मिश्रण आणि एक आकृती, असे त्याचे सर्वपरिचित स्वरूप आहे. ‘जोड्या लावा’ या प्रश्नप्रकारास ही मांडणी सोयीची असली, तरी कोणत्या गुणधर्मातील फरकाचा उपयोग होतो, मिश्रणातील कोणता घटक हवा आहे, तो किती शुद्ध हवा आणि त्यासाठी किती खर्च परवडतो, हे चार मूलभूत प्रश्न तीतून निसटतात. याच मांडणीची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बाजारपेठेतील पृथक्करण :

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे व रेल्वेमार्गावरील गाव तुरीच्या व्यापारासाठी परिचित आहे. बाजारात येणारी तूर हे विषमांगी मिश्रणाचे उत्तम उदाहरण होय. तीत काडीकचरा, माती, खडे, फुटके व किडके दाणे असतात. चाळणीने आकारातील फरकाचा, पाखडण्याने वाऱ्यातील हलके-जडपणाचा, तर हाताने निवडण्याने रंगरूपातील फरकाचा उपयोग होतो. घरी डाळ-तांदूळ पाण्यात घोळून खडे काढले जातात, तेव्हा घनतेतील फरक उपयोगी पडतो. दाण्याएवढाच खडा चाळणीस दाद देत नाही. म्हणून एका पद्धतीपाठोपाठ दुसरी योजावी लागते. दाण्यातील ओलावा तर यांपैकी कोणत्याच पद्धतीने जात नाही. त्यासाठी ऊनच द्यावे लागते. पद्धतींचा क्रम, त्यांची मर्यादा आणि ‘पुरेशी शुद्धता’ म्हणजे काय, याचे ज्ञान या परिसरातील विद्यार्थी घरूनच घेऊन येतो. पाठ्यक्रमात मात्र या पद्धती ‘घरगुती’ म्हणून एका ओळीत संपतात आणि ‘शास्त्रीय’ पद्धती जणू निराळ्याच तत्त्वावर सुरू होतात.

संज्ञांचा प्रश्न :

दुसरी अडचण परिभाषेची आहे. ‘पृथक्करण’ हा शब्द मराठीत घटक वेगळे काढणे आणि पदार्थाचे रासायनिक विश्लेषण करणे, अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. वस्तुतः विश्लेषणात घटक ओळखणे व मोजणे पुरेसे असते. ते वेगळे हाती यावेत अशी अट नसते. ‘गाळणे’ या क्रियापदाचेही असेच आहे. मराठीत चहा गाळतात आणि दारूही गाळतात. पहिल्या क्रियेत कणांच्या आकाराचा, तर दुसरीत बाष्पनशीलतेचा फरक कामी येतो. वर्गात हा भेद उलगडून दाखविल्यास भाषाच उत्तम उदाहरण ठरेल. पण पाठ्यक्रमाला दुसरा अर्थ ठाऊकच नसतो.

‘ऊर्ध्वपातन’ ही संज्ञाही तपासून पाहण्याजोगी आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्रीय ग्रंथात पातनाचे ऊर्ध्व, अधः व तिर्यक् असे प्रकार येतात. ऊर्ध्वपातनात पारा वरच्या भांड्याच्या तळाशी जमतो. तिर्यक्पातनात वाफ तिरप्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाऊन थंड होते. आजच्या प्रयोगशाळेतील तिरपा संघनक दुसऱ्या प्रकाराशी अधिक जुळतो. रूढ संज्ञा बदलण्याचे कारण नाही. परंतु वाफेची दिशा नव्हे, तर तिचे संघनन हा प्रक्रियेचा गाभा आहे, हे स्पष्ट होणे आवश्यक आहे. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजीतून विज्ञान, असा प्रवास करणाऱ्या सीमाभागातील विद्यार्थ्याच्या बाबतीत ही गरज अधिक तीव्र होते.

ठरावीक उदाहरणांची मर्यादा :

‘मीठ व पाणी – बाष्पीभवन’ ही जोडी सर्वत्र आढळते. येथे पाणी गमावले जाते, म्हणजे एकच घटक हाती लागतो. पाणी हवे असेल तर ऊर्ध्वपातन करावे लागेल. शिवाय समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम व कॅल्शियमचे क्षारही असतात. ते पाणी पूर्ण आटविल्यास कडवट मिश्रणच उरेल. म्हणून कोकणातील मिठागरांत मीठ स्फटिकरूपात खाली बसल्यावर उरलेले कडू पाणी काढून टाकले जाते. मिठागरातील खरी क्रिया स्फटिकीकरणाची आहे. बाष्पीभवन हे तिचे साधन होय.

सोलापूर जिल्ह्यातील साखर उद्योग याहून बोलके उदाहरण पुरवितो. रसात चुना मिसळून गाळ निवळणे, तो गाळणे, कमी दाबाखाली रस आटविणे, स्फटिकीकरण आणि अपकेंद्री यंत्राने मळी वेगळी करणे, अशी पद्धतींची साखळीच तेथे दिसते. मळी आंबवून मिळणारे अल्कोहोल साध्या प्रभाजी ऊर्ध्वपातनाने वजनी सुमारे 95.6 टक्क्यांपलीकडे शुद्ध होत नाही. त्या प्रमाणातील मिश्रण 78.2 अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याच्या वाफेतही घटकांचे प्रमाण तेच राहते. इंधनात मिसळावयाचे अल्कोहोल 99.5 टक्क्यांहून शुद्ध लागते. त्यासाठी पाण्याचे रेणू धरून ठेवणारी, पण अल्कोहोलच्या मोठ्या रेणूंना प्रवेश न देणारी ‘रेण्वीय चाळणी’ वापरतात. बाजारपेठेतील चाळणीचेच आकाराचे तत्त्व येथे रेणूच्या पातळीवर अवतरते.

निष्कर्ष :

प्रारंभीच्या टप्प्यावर सुलभीकरण अपरिहार्य असते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र सुलभीकरण म्हणजे उदाहरण लहान करणे. प्रश्नच काढून टाकणे नव्हे. पद्धतींच्या यादीऐवजी गुणधर्मातील फरकापासून आरंभ करावा, प्रत्येक उदाहरणात हवा असलेला घटक व अपेक्षित शुद्धता नमूद करावी आणि परीक्षेत एक तरी अनोळखी मिश्रण द्यावे, एवढ्याने या घटकास त्याचे मूळ स्वरूप परत मिळू शकेल. हे बदल महागड्या उपकरणांवाचून शक्य आहेत. मूठभर तूर, चाळणी, सूप आणि पाण्याचे भांडे एवढी सामग्री दुधनीतील कोणत्याही वर्गात सहज उपलब्ध होऊ शकते.