‘हिमकडा’ की ‘हिमस्खलन’?

पर्वतावरील हिम वेगाने खाली आले, की आपली वृत्तपत्रे ‘हिमकडा कोसळला’ असे लिहून मोकळी होतात. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंटी शिखराच्या उतारावरून खडक व बर्फ यांची प्रचंड राशी सुटली. तेथे हा शब्द एक वेळ क्षम्य ठरेल. परंतु केवळ हिमाच्या घसरणीसही तोच लावणे म्हणजे कार्यकारणभाव झाकणे होय.

हिमाची लादी घसरते ती बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून. उभ्या कड्यावर हिम फारसे साचतच नाही. शिवाय उतार हे एकच कारण नव्हे. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या जवळपास आणि पृष्ठभाग अतिथंड असला, म्हणजे बाष्प वर चढते व तळचे कण साखरेसारखे सुटे होतात. या दुबळ्या थरावर वाऱ्याने आणलेले हिम घट्ट बसले, की एका माणसाच्या भारानेही खालचा बंध तुटतो, तडा पसरतो आणि वरची लादी निसटते.

‘कडा’ हा शब्द दृष्टी वर नेतो. धोका मात्र पायाखाली असतो. ‘स्खल्’ म्हणजे अडखळणे, घसरणे. म्हणून ‘हिमस्खलन’ हीच संज्ञा यथार्थ होय. तिच्यातही सुट्या हिमाचे, एका बिंदूपासून पसरणारे स्खलन आणि लादीचे स्खलन असा भेद करणे अवश्य आहे. हिमालयात जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकाच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नव्हे.