नोंदवही आहे, नोंदवणारा कोठे?

लोकजैवविविधता नोंदवहीचा राष्ट्रीय नमुना आम्ही बारकाईने वाचला. पीक, मासा, तण. प्रत्येकाचे स्थानिक नाव, पूर्वीची व आताची स्थिती, शिवाय गावातला जाणकार कोण, हेही तो विचारतो. उत्तमच! खटकते ते पुढे. 2002 च्या कायद्याने गंगाखेडसारख्या नगरपरिषदेलाही समिती नेमायला सांगितले, स्थानिक निधी सुचवला. नोंदी घेणारा पगारी माणूस मात्र दिला नाही. हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत आणि नंतर राज्याला दरमहा 10 लाखांचा दंड ठरवताच अनेक ठिकाणी वह्या घाईघाईने उरकल्या गेल्या. एकदा भरलेल्या रकान्यांतून बदल कसा कळणार? गंगाखेडच्या शिक्षकांनी नववीच्या मुलांकरवी गोदावरीत सापडणाऱ्या माशांची नावे दरमहा भोयांना विचारून, तारखेसह समितीकडे द्यावीत.