रुजलेले आणि डकवलेले

परका शब्द मराठीत आला की तो ओळखू येतो. ‘टेबल’, ‘स्टेशन’, ‘मास्तर’ हे शब्द बाहेरचे आहेत हे कळण्यास भाषाशास्त्राची गरज नाही. परक्या वाक्प्रचाराचे तसे नसते. तो आपल्याच शब्दांचा वेष करून येतो आणि आपल्याच पंगतीला बसतो. ‘या ग्रंथाने त्या काळावर नवा प्रकाश टाकला’, ‘पावसाने यंदा महत्त्वाची भूमिका बजावली’, ‘हे तर हिमनगाचे टोक आहे’ ही वाक्ये वाचताना त्यांतला एकही शब्द आपल्याला खटकत नाही. प्रकाश आपला, भूमिका आपली, हिम आणि नग हे दोन्ही संस्कृतातले. परके आहे ते या शब्दांचे परस्परांशी जुळलेले नाते. आणि ते नाते मुळात कोणी, कोणत्या कामाच्या ओघात जुळवले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही.

भाषाशुद्धीचा वाद आपल्याकडे थोडाथोडका झालेला नाही. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोश तयार झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ साली निघाली. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळच उभारली, आणि माधव ज्यूलियन यांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द आज आपण सहज वापरतो ते या खटाटोपाचे फळ होय. परंतु हा सारा पहारा मुख्यतः शब्दांवर होता. वेशीवर ‘तारीख’ अडवली गेली. त्याच वेशीतून इंग्रजी वाक्प्रचारांची वरात मराठी शेले पांघरून आत गेली आणि पहारेकऱ्यांनी तिला हटकले नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना वाक्याला वाक्य लावण्याची सवय जडली होती. ती सवय पुढे अग्रलेखांत, कादंबऱ्यांत आणि क्रमिक पुस्तकांत उतरली.

माझे म्हणणे असे नव्हे की हे वाक्प्रचार हाकलून द्यावेत. भाषा उसनवारीवरच वाढते. परंतु उसन्या वाक्प्रचारांत दोन जाती आहेत. काही इथल्या मातीत रुजले, काही नुसतेच डकवले गेले. यांतला कोणता कोणता हे ओळखायचे तर त्याचे मूळ पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

आधी रुजलेले पाहू. ‘सिंहाचा वाटा’ घ्या. इसापाच्या गोष्टीतला सिंह इतर जनावरांबरोबर शिकारीला जातो, शिकारीचे वाटे करतो आणि एकेका वाट्याला एकेक सबब सांगून सगळे आपल्यापुढे ओढतो. म्हणून इंग्रजीत हा वाटा नेहमी लाटण्याचा असतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापाच्या कथा मराठीत आणल्या, तेव्हापासून इसाप आपल्या मुलांच्या घरचा झाला. पण ‘या शाळेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा आहे’ असे आपण म्हणतो ते गौरवाने. लाटणारा सिंह मराठीत येऊन राबणारा झाला! असे का व्हावे? माझ्या मते त्याचे उत्तर ‘खारीचा वाटा’ या आपल्या शब्दप्रयोगात आहे. सेतू बांधताना वाळूचे कण आणणाऱ्या खारीची लोककथा मराठी मनात आधीच घर करून होती. तिथे ‘वाटा’ म्हणजे उचललेला भार. नव्या पाहुण्याला या खारीशेजारी जागा मिळाली आणि तिच्या संगतीने त्याचा स्वभाव पालटला. शब्दाला शब्द लावणारा पंतोजी याला चूक म्हणेल. मी याला रुजणे म्हणतो.

‘बळीचा बकरा’ याची कथा आणखी मौजेची आहे. दुसऱ्याच्या अपराधाचे खापर ज्याच्या माथी फुटते त्याच्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, तो विल्यम टिंडेलने १५३० साली बायबलचे भाषांतर करताना घडवला. लेवीय या पुस्तकातल्या विधीत बोकड दोन असतात. एक देवापुढे मारला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्या लोकांची पापे लादून त्याला जिवंत रानात सोडून देतात. इंग्रजी शब्द या दुसऱ्या, जिवंत सुटलेल्या बोकडाचा आहे. आपण मराठीत त्यासाठी जो बकरा उभा केला तो मात्र पहिला! देवीपुढे कापला जाणारा बकरा आपण पाहिलेला होता, पापे घेऊन रानात जाणारा पाहिलेला नव्हता. अर्थाची थोडी ओढाताण झाली खरी, पण चित्र जिवंत राहिले.

‘मधुचंद्र’ हाही असाच. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी लेखकांनी हा शब्द वापरला त्यात टोमणा होता: नवविवाहितांचे प्रेम आज मधासारखे गोड आहे, पण पौर्णिमेचा चंद्र उद्यापासून झिजू लागतो हे विसरू नका. आपल्याकडे चंद्र हा प्रियजनांचा सखा. मराठीत येताच टोमणा गळून पडला आणि नुसते चांदणे उरले. ‘लालफीत’ हा शब्द तर वस्तूसकट आला. विलायतेत सरकारी व न्यायालयीन कागदांची भेंडोळी तांबड्या फितीने बांधीत. ती कचेरी इथे आली तशी फीतही आली, आणि ती सोडवून घेण्यासाठी हेलपाटे घालणारा शेतकरीही तयार झाला. त्याला हा वाक्प्रचार शिकवावा लागला नाही. शिवाय मराठीने तेवढ्यावर न थांबता ‘दप्तरदिरंगाई’ हा आपला स्वतःचा शब्द घडवला, आणि विलंबाला आळा घालणाऱ्या २००५ च्या कायद्याला लोक आज त्याच नावाने ओळखतात. रुजलेल्या झाडाशेजारी आपले रोप असे उगवते.

आता डकवलेले पाहा. हिमनगाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो. उत्तर अटलांटिकमध्ये गलबते हाकणाऱ्यांना त्याची दहशत होती, आणि १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर ती साऱ्या जगाला कळली. त्या दहशतीतून आलेले हे चित्र आहे. मराठी वर्तमानपत्रात मात्र कोणत्याही अफरातफरीच्या बातमीत हिमनगाचे टोक दिसते. ते वाचताना ना लिहिणाऱ्याला थंडी वाजते, ना वाचणाऱ्याला. ‘भूमिका बजावणे’ याची तर दोन्हीकडून फरफट झाली आहे. नाटकात भूमिका वठवतात. बजावतात ती कामगिरी. इंग्रजीतल्या एका क्रियापदाची नक्कल करण्याच्या घाईत आपण वठवणाऱ्या नटाचे तोंड बजावणाऱ्या शिपायाच्या धडावर बसवले आणि मग पावसाच्याही तोंडाला रंग फासला.

मुळाच्या शोधाला निघालेल्याने एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. मूळ सांगणाऱ्या गोष्टी नेहमी खऱ्या नसतात. जितकी गोष्ट चटकदार, तितका संशय अधिक घ्यावा. इंग्रज जोराच्या पावसाला मांजरे-कुत्री पडतात असे म्हणतात. १७३८ मध्ये छापलेल्या जोनाथन स्विफ्टच्या संवादांत ते आहे. जुन्या काळी गवती छपरांत जनावरे झोपत आणि पावसात ती घसरून खाली पडत, अशी याची उपपत्ती फार लोकप्रिय आहे. तिला पुरावा काडीचा नाही. मधुचंद्राच्या महिन्यात वधूवर मधाचे मद्य पीत, ही गोष्टही मागाहून रचलेली. आपलीही तीच तऱ्हा. ‘ध चा मा करणे’ याच्या मुळाशी ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आहे. खून निर्विवाद, पण आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले हे लोकांनी मानलेले आहे, इतिहासाने सिद्ध केलेले नाही. एका अक्षराने एका बाईचे नाव दोन-अडीचशे वर्षे काळे ठेवले! वाक्प्रचाराची ताकद पाहायची तर ती इथे पाहावी. उलट ‘पानिपत होणे’ याला गोष्ट रचावी लागली नाही. १४ जानेवारी १७६१ ला जे झाले, त्याने घरोघर कोणी ना कोणी नेले. इंग्रजाला १८१५ चे वॉटर्लू जसे, तसे मराठ्याला पानिपत; म्हणून वॉटर्लूचे भाषांतर करण्याची पाळी आपल्यावर आली नाही.

हा विषय मला केवळ पांडित्याचा वाटत नाही, कारण मी भामरागडला शिकवतो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरचे हे गाव. वर्गातली बहुतेक मुले माडिया. त्यांची घरची भाषा द्राविडी कुळातली, मराठी ही त्यांना शाळेत भेटलेली, आणि इंग्रजी मराठीच्याही पलीकडची. गोंडीत ‘पेन’ म्हणजे देव. आणि आम्ही पहिल्याच दिवशी पेन हातात देऊन सांगतो की याने लिही! मराठीतला ‘ओनामा’ हा जुन्या धूळपाटीवरच्या ‘ॐ नमः सिद्धम्’चा अवशेष, ‘नमनाला घडाभर तेल’ हे दिवट्यांच्या उजेडात चालणाऱ्या खेळाचे. हे पुण्याच्या मुलाला आजोबांकडून मिळते. माडिया मुलाला तेही हिमनगाइतकेच दूरचे. परीक्षेत मात्र दोघांनाही सारखेच विचारतात: वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. मूल अर्थ पाठ करते, वाक्य पाठ करते, गुण मिळवते आणि विसरते.

पण जिथे मूळ हाती लागते तिथे चित्र वेगळे दिसते. ‘मुसळधार’ हा शब्द इथे समजावून द्यावा लागत नाही. धान कांडायचे मुसळ पुष्कळ घरांत आहे, आणि तशी जाड धार पावसाळ्यात दर वर्षी पडते. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी जाते आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. ज्याने पुराच्या गढूळ पाण्यात डोंगा घातला आहे, त्याला न दिसणारा खडक म्हणजे काय हे कळते. त्याच्यापुढे हिमनग ठेवायचा असेल तर या खडकाकडून तिकडे जावे. मुळातले काम दाखवले, मग ते आपले असो की इंग्रजांच्या गलबतावरचे, की मूल अर्थापर्यंत स्वतः चालत जाते.

आणि आता ज्या एका वाक्प्रचारासाठी मी हे सारे लिहिले तो सांगतो. ‘इथे काय जंगलाचा कायदा आहे काय?’ असे आपले वक्ते विचारतात, आपली पात्रे संवादांत म्हणतात. अर्थ ठरलेला: बळी तो कान पिळी, सारी बेबंदशाही. याचे मूळ पाहावे तर ‘जंगल’ हा शब्दच मुळात आपला. संस्कृतात ‘जाङ्गल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. आयुर्वेदात पाणथळ ‘आनूप’ देशाच्या उलट तो सांगितला आहे. हा शब्द घनदाट अरण्याचा अर्थ घेऊन इंग्रजीत गेला. जंगलाचा कायदा हा शब्दप्रयोग जगभर पसरला तो किप्लिंगच्या १८९५ सालच्या दुसऱ्या जंगलपुस्तकामुळे. त्याचे जंगल आपल्या नागपूरच्या उत्तरेचे, शिवनीचे. आणि किप्लिंगचा तो कायदा म्हणजे बेबंदशाही मुळीच नव्हे! कोणी कोणाला केव्हा मारावे, पाणवठ्यावर कसे वागावे, कळपातल्या पोराचा हक्क कोणता, याचे ते कडक नियम आहेत. शहरात राहणाऱ्या वाचकांनी नाव ठेवले आणि अर्थ उलटा केला. आपण तो उलटा अर्थ उचलला, आणि परत आणून जंगलात राहणाऱ्यांच्या पुस्तकात छापला.

वास्तविक जंगलाचा कायदा या शब्दांना मराठी मुलखात स्वतःचा इतिहास आहे. १९२७ चा इंग्रजांचा वन कायदा हा खरा जंगलाचा कायदा. तो मोडण्यासाठी लोकनायक अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसदला सत्याग्रह केला आणि राखीव रानातले गवत कापून अटक करून घेतली. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. कोणता बांबू तोडावा, किती तोडावा, कोणी तोडावा, हे तिथली ग्रामसभा बसून ठरवते. जंगलाचा कायदा म्हणजे काय, हे ज्यांना विचारावे असे लोक हे आहेत. त्यांच्या मुलाने धड्यात वाचावे की जंगलाचा कायदा म्हणजे कायद्याचा अभाव! हे पाठ करताना ते आपल्या बापाविषयी काय पाठ करते, याचा विचार पुस्तक लिहिणाराने केलेला नसतो.

इथे हा वाक्प्रचार बकऱ्यासारखा किंवा सिंहासारखा रुजलेला नाही. अर्थ तर त्यांचाही पालटला; पण तो इथल्या लोकांच्या अनुभवाने पालटला. याचा अर्थ इथल्या लोकांच्या अनुभवाला डावलून ठरला आहे. भेद ओळखण्याची कसोटी मला एवढीच दिसते: ज्याला इंग्रजीचा गंधही नाही अशा माणसाला तो वाक्प्रचार ऐकून काही दिसते का, आणि जे दिसते ते त्याच्या जगाशी खोटे बोलत नाही ना?

दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन भाग सिद्ध करून मोठे काम करून ठेवले आहे. आता त्याच्या शेजारी इंग्रजीतून आलेल्या या मंडळींचाही एक कोश हवा. त्यात अर्थापुढे तो वाक्प्रचार कोणत्या कामातून निघाला ते असावे, मुळाची गोष्ट सिद्ध की नुसती ऐकीव ते असावे, आणि मराठीत येताना त्याने काय गमावले व काय मिळवले ते असावे. असे काम एकट्यादुकट्या मास्तराच्या आवाक्यातले नाही. विद्यापीठांनी आणि साहित्यसंस्थांनी ते अंगावर घ्यावे. तोवर ‘जंगलाचा कायदा’ लिहायला लेखणी उचलणाऱ्याने तो वाचणारा कोठे राहतो, एवढे तरी आधी मनाशी विचारावे.